खरेदीच्या फेरीत एक दिवस घारापुरीचा

दिग्रसचा दुकानदार मुंबईला वर्षातून तीन-चार वेळा जातो, पण समुद्र पाहायला जात नाही. तो मंगळदास मार्केटला कापड पाहतो, अब्दुल रहमान स्ट्रीटवर कटलरी पाहतो, नागदेवी स्ट्रीटवर मशीनचे सुटे भाग आणि अवजारे पाहतो, लोहार चाळीत वायर आणि पंखे पाहतो. दुपारी मोहम्मद अली रोडवर दोन घास खातो आणि रात्रीच्या गाडीने परततो. समुद्र तिथून पायी जाण्याइतका जवळ असतो, आणि तरीही तो पाहायचा राहून जातो.

आमच्या परिचयाचे एक शिलाईकाम करणारे मास्टर आहेत. त्यांचे वडीलही हेच काम करीत. बटणे, अस्तर, जरीची किनार आणायला ते तीस वर्षे मुंबईच्या फेऱ्या करीत राहिले. घरी परतले की पत्नीसाठी बांगड्या आणि माहीमचा हलवा आणत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी तुला समुद्र दाखवतो." ते पुढचे वर्ष आले नाही. वडील गेले, आई मागे राहिल्या. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. मास्टरांनी हे आम्हाला दुकानात बसल्या बसल्या सांगितले आणि पुन्हा कात्री हातात घेतली. त्याच दिवशी आम्ही ठरवले की यंदाच्या ईदच्या खरेदीला एकट्याने जायचे नाही, घरच्यांना बरोबर घ्यायचे, आणि एक दिवस बेटावर काढायचा.

ही सहल कशी आखली, कुठे चुकलो, कुठे निभावले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत. धंद्याच्या पानावर सहलीचे काय काम, असे कोणी विचारील. पण वेळ, पैसा आणि जोखीम यांचा हिशेब म्हणजे धंदाच, आणि या सहलीत तिन्हींचा हिशेब आहे.

कोणते बेट?

पहिला प्रश्न हाच होता. आमच्या मंडळींत दोन मते पडली. एक मत जंजिऱ्याचे. मुरूडजवळ भर समुद्रात उभा असलेला सिद्दींचा हा किल्ला कोणाला कधी लढून घेता आला नाही. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जजीरा' म्हणजे बेट यावरूनच आलेला. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने तिथे जातात. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, बुरुजांवर तोफा आहेत, त्यांतली कलालबांगडी प्रसिद्ध आहे. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले. पाहण्यासारखी जागा आहे यात वाद नाही.

पण वेळेचा हिशेब मांडला तेव्हा जंजिरा बसेना. गेटवेहून मांडव्यापर्यंत लाँचने एक तास, मांडव्याहून अलिबागपर्यंत बस, अलिबागहून रेवदंड्यामार्गे मुरूडपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर, पुढे राजापुरी, आणि मग होडी. जायलाच चार तासांहून जास्त लागतात, तेवढेच परत यायला. मुले आणि म्हातारी माणसे घेऊन हे एका दिवसात करणे म्हणजे दिवसभर गाडीत बसणे. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्यांसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली. स्वतःची जीप असेल त्याला तिचा उपयोग आहे, पण मांडव्यापुढचा रस्ता तेवढाच राहतो. जंजिऱ्याला जायचे तर एक मुक्काम धरूनच जावे, असे आमचे मत झाले.

दुसरे मत घारापुरीचे, म्हणजे ज्याला लोक एलिफंटा म्हणतात त्या बेटाचे. गेटवेहून सुमारे दहा-अकरा किलोमीटर. लाँचने एक तास. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. तिथे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावे आहेत. तिथल्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एका दिवसात बसणारे बेट हेच. ठरले.

वार आणि महिना

येथे बहुतेक लोक चुकतात. आम्हीही एकदा चुकलो होतो. काही वर्षांपूर्वी खरेदी आटोपून सोमवारी सकाळी गेटवेवर गेलो, तेव्हा कळले की लेणी सोमवारी बंद असतात. तिकीट विकणाऱ्या एका माणसाने "बेट तर उघडे आहे ना" म्हणून तिकिटे गळ्यात मारली. बेट उघडे होते, लेण्यांचे फाटक बंद. माकडे पाहून परत आलो.

म्हणून वाराचा हिशेब असा मांडावा. मुंबईचे ठोक बाजार बहुतेक रविवारी बंद असतात. लेणी सोमवारी बंद असतात. तेव्हा रविवार बेटाला द्यावा आणि सोमवार खरेदीला. शनिवारी दुपारी दिग्रस सोडावे, मानोरा-मंगरूळपीरमार्गे अकोला गाठावे आणि रात्रीची मुंबई गाडी धरावी. रेल्वेने अकोला ते मुंबई अंतर सुमारे ५८० किलोमीटर आहे. सकाळी मुंबईत उतरता येते. रविवारी बेट, रात्री मुक्काम, सोमवारी दिवसभर खरेदी, रात्रीची गाडी, मंगळवारी अकोला आणि दुपारपर्यंत दिग्रस. जो व्यापारी एरवी रविवारी रात्री निघून सोमवारची खरेदी करून येतो, त्याचा या सहलीत फक्त एक दिवस जास्त जातो. तोही रविवार.

रविवारी गर्दी असते हे खरे. म्हणून पहिल्या लाँचने जावे. पहिली लाँच साधारण सकाळी नऊच्या सुमारास सुटते. दहानंतर रांग वाढते.

आता महिना. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. मे अखेरपासून मांडव्याची लाँच बंद होते. घारापुरीची फेरी हवामान पाहून चालते किंवा थांबते. दिग्रसहून एवढ्या लांब येऊन धक्क्यावरून परत जायचे, हा धंदा नव्हे. एप्रिल-मे मध्ये ऊन आणि घाम जीव काढतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र शांत आणि हवा बरी असते.

पण या महिन्यांत आपल्या भागात कापूस विकला जातो, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो आणि दुकान सोडवत नाही. मग मार्ग काय? मार्ग कॅलेंडरातच सापडतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. ईदचा माल रमजानपूर्वी दुकानात लागतो. म्हणजे येती काही वर्षे ईदची खरेदी डिसेंबर-जानेवारीत पडणार आणि समुद्रही त्याच वेळी शांत असणार. खरेदीला जायचेच आहे. घरच्यांना बरोबर घ्यावे, एवढेच. हा योग नेहमीचा नाही. खरेदी पुढे पावसाळ्यात सरकली की तो पुन्हा बरीच वर्षे येणार नाही.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधीच करता येते. पूर्वी एकशेवीस दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ झाले. म्हणून तारीख ठरवली की मोजून साठाव्या दिवशी सकाळी तिकीट काढावे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग आपल्या दिग्रसवरून जातो. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आपल्या गावात गाडी थांबू लागेल तेव्हा हा सारा बेत सोपा होईल. तोवर अकोला किंवा बडनेरा.

जाणे की न जाणे

आमची सहल फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात होती. सर्व ठरले, आरक्षण झाले, आणि मग घरातून विरोध सुरू झाला. कारण १८ डिसेंबर २०२४ ची दुर्घटना सर्वांनी टी.व्ही.वर पाहिली होती. त्या दिवशी दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. नौदलाच्या बोटीच्या नव्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ती आटोक्यात राहिली नाही. १५ माणसे गेली. प्रवासी बोटीला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची परवानगी होती, पण तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हेही पुढे आले. अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते.

मास्टरांच्या पत्नीने स्पष्ट सांगितले, "मुलांना घेऊन मी त्या पाण्यात जाणार नाही." आम्हाला त्यांचे म्हणणे चूक वाटले नाही. जोखीम आहे म्हणून माल घेऊ नये असे आपण म्हणत नाही, पण जोखीम न पाहता माल घेतो तो व्यापारी बुडतो. म्हणून आम्ही एक संध्याकाळ बसून जोखमीचाच हिशेब केला.

या खाडीत पूर्वीही माणसे गेली आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. भर पावसाळा, खच्चून भरलेली बोट, आणि लाट आली तेव्हा घाबरून सगळे एका बाजूला धावले, असे त्या अपघाताबद्दल सांगतात. याउलट १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली. तिच्यावरचे सर्व ८८ प्रवासी वाचले, कारण पोलिसांची गस्ती बोट जवळ होती आणि तिने वेळ न घालवता माणसे उतरवून घेतली.

या तिन्ही गोष्टींतून आम्हाला चार नियम सापडले. ते कागदावर लिहून घेतले आणि सर्वांनी मान्य केले.

एक, पावसाळी किंवा वाऱ्याच्या दिवशी जायचे नाही, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. दोन, लाँचमध्ये चढल्याबरोबर प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, पट्टे बांधलेले, मुलांना मुलांच्या मापाचे. तीन, लाँच भरगच्च दिसली तर ती सोडून द्यायची आणि पुढची पाहायची. चार, काही झाले तरी एका बाजूला धावायचे नाही, जागेवर बसून तांडेलाचे ऐकायचे.

हे चार नियम वाचून भाभींनी एवढेच विचारले, "आणि पुरुषमाणसे जॅकेट घालणार का, की फक्त आम्हाला घालायला लावणार?" आम्ही घालण्याचे कबूल केले. मग त्या तयार झाल्या.

धक्क्यावर

आम्ही अकरा जण होतो. चार पुरुष, तीन बायका, चार मुले. त्यात मास्टरांच्या आई, ज्यांना सर्वजण अम्मी म्हणतात. पुरुषांत एक कापडवाले, एक मास्टर, एक फर्निचरचे काम करणारे मिस्त्री आणि आम्ही.

पैशांची व्यवस्था आम्ही आधीच केली होती. खरेदीचा पैसा आणि सहलीचा पैसा एकत्र ठेवायचा नाही. खरेदीची रक्कम बँकेतच राहू दिली. सोमवारी लागेल तशी देता येते. सहलीसाठी प्रत्येक घराने सारखी रक्कम काढून एकाच्या हाती दिली आणि तोच सर्व ठिकाणी खर्च करील असे ठरले. पाचजणांनी पाच ठिकाणी पाकिटे काढली की गर्दीत एखादे जातेच.

मुक्कामाच्या जागी सामान टाकले. अम्मी आणि मुलांना टॅक्सीत बसवले, बाकीचे स्टेशनपासून चालत गेले. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. गेटवेवर पिशव्या तपासतात, म्हणून चाकू, कात्री असले काही बरोबर ठेवू नये. आमच्या मास्टरांच्या खिशात सवयीने छोटी कात्री होतीच. ती तिथे सोडावी लागली.

लाँचचे तिकीट जाऊन-येऊनचे मिळते. परतीचा भाग जपून ठेवावा, लहान मुलांच्या हाती देऊ नये. दर खिडकीवर लिहिलेला असतो; वाटेत अडवणाऱ्यांशी बोलणी करू नयेत. वरच्या मजल्यावर बसायला थोडे जास्तीचे पैसे लाँचवर घेतात. वरून दिसते छान, पण ज्यांना मळमळते त्यांनी खाली, मधोमध बसावे. तिथे बोट कमी हलते. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ नये, अगदी उपाशीही राहू नये. नजर लांब किनाऱ्यावर ठेवावी.

पहिल्या लाँचवर आम्ही खलाशाला विचारले, "मुलांची जॅकेटे आहेत का?" त्याने मोठी जॅकेटे दाखवली आणि म्हणाला, "हीच बांधा, एक तासाचा तर प्रश्न." सहा वर्षांच्या मुलाला ते जॅकेट घातले तर ते हनुवटीच्या वर गेले. पाण्यात पडला असता तर जॅकेट तरंगले असते, मूल नव्हे. आम्ही अकराही जण खाली उतरलो. रांगेतले लोक हसले. कापडवाल्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, कारण उशीर होत होता. पण पुढच्या लाँचवर लहान मापाची जॅकेटे होती. अर्धा तास गेला, एवढेच. भाभींच्या चेहऱ्यावरची भीती मात्र आम्ही उतरलो त्या क्षणीच कमी झाली होती, हे आम्ही पाहिले.

पाण्यावरून दिसणारा बाजार

एक तासाच्या प्रवासात व्यापाऱ्याला पाहण्यासारखे पुष्कळ आहे. डावीकडे एक बेट लागते, त्याला पूर्वी बुचर आयलंड म्हणत, आता जवाहर द्वीप म्हणतात. तिथे जहाजांतून तेल उतरते. पुढे समोर उंच क्रेनांची रांग दिसते, ते न्हावा-शेव्याचे बंदर, जे १९८९ मध्ये सुरू झाले. पलीकडे जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू पाण्यावर रेघेसारखा दिसतो.

कापडवाल्यांनी मुलाला त्या क्रेना दाखवून सांगितले, "आपल्याकडे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात ना, परदेशी जाणाऱ्या गाठी अशा डब्यांत भरून अशाच बंदरातून जातात." मुलाला गाठ माहीत होती, क्रेन माहीत नव्हती. यापुढे दिग्रसच्या बाजारात भाव का चढला आणि का उतरला, असे कोणी म्हणाले तर त्याला हे पाणी आठवेल.

अम्मी खाली मधोमध बसल्या होत्या. बोट सुटली तेव्हा त्यांनी एका हाताने बाक आणि एका हाताने जॅकेटचा पट्टा धरला. अर्ध्या वाटेवर त्यांनी बाकावरचा हात सोडला. पट्ट्यावरचा नाही सोडला.

बेटावर

उतरल्यावर लांब बांध आहे. त्यावर लहान मुलांच्या गाडीसारखी छोटी आगगाडी चालते. म्हाताऱ्यांना तिचा उपयोग आहे. पुढे साधारण १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. चार माणसे खुर्ची खांद्यावर घेऊन वर नेतात. भाव आधी ठरवावा, वर जाण्याचा आणि खाली येण्याचा मिळून. अम्मी आधी नको म्हणाल्या, "माणसाच्या खांद्यावर मी बसणार नाही." डोलीवाला म्हणाला, "आई, तुम्ही बसला नाहीत तर आज माझ्या घरी काय जाईल?" धंद्याचे हे बोलणे अम्मींना पटले. त्या बसल्या.

लेण्यांचे तिकीट वेगळे आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. मुख्य लेण्यात तीन मुखांची सुमारे सहा मीटर उंच मूर्ती आहे. पोर्तुगीजांना या बेटावर दगडाचा मोठा हत्ती आढळला, म्हणून त्यांनी एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आता भायखळ्याला जिजामाता उद्यानाजवळच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे.

आमचे मिस्त्री तरुणपणी विहिरींच्या दगडी बांधकामावर होते. ते खांबांना हात लावून उभे राहिले. म्हणाले, "हा तर आपलाच दगड. दिग्रसला विहीर खणताना लागतो तोच काळा पाषाण." ते बरोबर बोलत होते. सह्याद्रीपासून विदर्भाच्या पश्चिम भागापर्यंत जो काळा बेसाल्ट पसरला आहे, तो एकाच काळातल्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. घारापुरीही त्याचीच. मिस्त्रींनी मुलांना सांगितले की येथे मूळचा एकही खांब आणून बसवलेला नाही. डोंगर आतून कोरत गेले आणि खांब जागेवर ठेवले. "लाकूड चुकले तर मी दुसरी फळी घेतो. याची चुकली तर दुसरा डोंगर कुठून आणील?" कारागिराने कारागिराला दिलेली ही दाद होती. त्या कारागिरांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

डबा उघडण्यापूर्वी एक सूचना. बेटावरची माकडे धीट आहेत. पिशवीचा आवाज झाला की येतात. आमच्या पोळ्या आणि अंड्यांच्या पिशवीवर एकाने झडप घातली आणि कापडवाल्यांची अर्धी शिदोरी गेली. जेवण बंद जागेत बसून करावे. ज्यांना खाण्याबाबत खात्री हवी असते त्यांनी घरचे खाणे आणि पुरेसे पाणी बरोबर ठेवणे बरे. जोहरची वेळ बेटावरच येते, तेव्हा वजूपुरते जास्तीचे पाणी आणि एक छोटी जानमाज पिशवीत असावी.

पायऱ्यांवरची दुकाने

आम्हाला सर्वात जास्त शिकवले ते पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांनी. मण्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, पितळी वस्तू. भाव सांगतात त्याच्या अर्ध्यावर येतात, हे आपल्याला शिकवायला नको. पण एका दुकानदाराशी आम्ही थोडे सविस्तर बोललो. त्याने सांगितले की बहुतेक माल किनाऱ्याहून बोटीने येतो, आणि मालाचे भाडे वेगळे, हमाली वेगळी. सोमवारी लेणी बंद म्हणजे विक्री शून्य. पावसाळ्यात बोट थांबली की आठवडाच्या आठवडा शून्य. पाहुण्यांना रात्री बेटावर राहता येत नाही, म्हणून संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की दुकान बंद.

या बेटावर वीज कधी आली ठाऊक आहे? फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे लागत. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत होते आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे इथे अंधार होता.

त्या दुकानदाराला आम्ही विचारले की डिसेंबरच्या अपघातानंतर काय झाले. तो म्हणाला, "पंधरा माणसे गेली, त्यापुढे आमच्या विक्रीचे काय बोलायचे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण गिऱ्हाईक यायचे कमी झाले. आमचे घर त्याच बोटीवर चालते." एकाच वाटेने येणाऱ्या गिऱ्हाइकावर ज्याचे सारे दुकान उभे आहे त्याची ही अवस्था होते. आपल्याकडे एका पिकावर अख्खा बाजार चालतो आणि कापूस पडला की आपणही असेच हात जोडून बसतो. त्याने दुकानात दुसऱ्या बाजूला चहा आणि लिंबू सरबत सुरू केले होते. आम्ही ते मनात नोंदवून ठेवले. अम्मींनी त्याच्याकडून घासाघीस न करता एक माळ घेतली.

परत

परतीच्या शेवटच्या लाँचची वाट पाहू नये. ती साधारण साडेपाचच्या सुमारास असते आणि तिच्यावरच सर्वांची झुंबड उडते. आम्ही चार वाजता निघालो. चढताना अकरा डोकी मोजली, बसल्यावर पुन्हा मोजली, उतरल्यावर तिसऱ्यांदा. जॅकेटे पुन्हा घातली. पुरुषांनीही.

गेटवेला उतरताना खलाशी जॅकेटे गोळा करू लागला. अम्मींनी पट्टा सोडला नाही. मास्टर म्हणाले, "अम्मी, द्या आता, पोहोचलो." त्या म्हणाल्या, "जमिनीवर पाय टेकू दे." पायऱ्यांवर पाय टेकल्यावरच त्यांनी जॅकेट काढून दिले, आणि वळून थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. आम्ही कोणी घाई केली नाही.

सोमवारी खरेदी झाली. मिस्त्रींनी नागदेवीहून राऊटर मशीन घेतले. कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टला टाकल्या. मंगळवारी दुपारी दिग्रसला पोहोचलो. हिशेब केला तेव्हा सर्वात मोठी रक्कम रेल्वेची निघाली, त्याखाली मुक्काम. लाँच, लेणी आणि डोली मिळून जो खर्च झाला तो एखाद्या लग्नात आपण अहेराला देतो त्याहून फारसा जास्त नव्हता.

मास्टरांनी आपल्या वाट्याचा आकडा दुकानाच्या वहीत लिहिला. आम्ही विचारले, "हा खर्च कोणत्या खात्यावर?" त्यांनी वही आमच्याकडे फिरवली. वर वडिलांचे नाव लिहिले होते, खाली अम्मींचे येणे, आणि पुढे लिहिले होते, पुरते फिटले.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या वहीत असे एखादे येणे असेल. येत्या ईदच्या खरेदीला निघण्यापूर्वी ते पान एकदा उघडून पाहावे.